बारा मिनिटांनी बंद पडणारा कॉम्प्युटर

शनिवारची दुपार होती. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि आम्ही दोघं समोरच्या खोलीत सतरंजी टाकून एक नवा कॉम्प्युटर जुळवत बसलो होतो. म्हणजे जुळवत मी होतो. सुलभा, माझी बायको, एकेक डबा उघडून वस्तू हातात देत होती. डब्यावरचं इंग्रजी ती वाचायची. मी आठवी नापास, ती मॅट्रिक. जबलपूरच्या सदर बाजारातलं दुकान बंद करून काम घरी आणलं तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं.

नव्या वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी काढायचं कामही तिचंच. सोल्डरिंगचे डाग देऊन देऊन माझ्या बोटांची टोकं बोथट झाली आहेत आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. पारदर्शक पन्नी मला दिसत नाही, दिसली तर नखात धरत नाही. ती काढायची, बाजूला टाकायची आणि म्हणायची, "निघाली." ते ऐकल्यावर मी वस्तू बसवायची. हा आमचा नियम. कोणी ठरवला नव्हता, पडून गेला होता.

त्या दुपारी निम्मं काम झाल्यावर ती म्हणाली, "अहो, डावा हात भरून येऊन राहिला माझा."

मी म्हणालो, "मांडी बदल. एकाच बाजूला रेलून बसली आहेस."

मी वर पाहिलंसुद्धा नाही. मी प्रोसेसर बसवत होतो, त्यात नजर हलवता येत नाही. थोड्या वेळानं तिनं पंख्याचा ठोकळा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "घ्या. मी जरा पडते." मी घेतला, बसवला, चार स्क्रू आवळले. संध्याकाळी तिनं खिचडी टाकली, मी लोणचं काढलं. पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, कालपासूनच चालू असेल.

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले. "दादा, गमतीजमती लिहा, एवढी गिऱ्हाइकं पाहिलीत तुम्ही." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा, आम्ही शुद्ध करून घेऊ. करून घ्या. पण गमती फार नाहीत. एकच काम लिहायचं आहे, शेवटचं. बाकीचं त्याच्यासाठी लागेल तेवढं लिहितो.

मी बड्या फुहाऱ्याजवळ एका दुकानात रेडिओ शिकलो. मग टीव्ही आले, टीव्ही शिकलो. मग टीव्ही दुरुस्त करायचं लोकांनी सोडलं, तर कॉम्प्युटर शिकलो. कोणी शिकवलं नाही. इंग्रजी येत नाही, पण बोर्डाची शिट्टी कळते. चालू करताना बोर्ड टूं टूं टूं करून ओरडला तर मेमरी नीट बसलेली नाही, हे समजायला पुस्तक लागत नाही. शिकलेली पोरं येतात, स्क्रीनवर वाचत बसतात. मी आधी कान लावतो, मग वास घेतो, मग हात ठेवतो. हसा.

कॉम्प्युटर बिघडला की लोकांना एकच शब्द येतो, हँग. "दादा, हँग हो रहा है." अरे, हँग म्हणजे काय? तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र आहे तिथे गोठलं, माउस हलत नाही, हे अटकणं. मेमरी किंवा डिस्क बघा. आपोआप बंद होऊन आपोआप परत चालू झाला, तर मेमरी नाहीतर वीज. आणि तिसरं, काम चालू असताना फाटकन बंद पडला, दिवा विझल्यासारखा, दहा मिनिटं थांबल्यावर मुकाट्यानं चालू झाला, जसं काही झालंच नाही. तो तापून पडतो. जळायच्या आधी स्वतःला बंद करून घेतो, माणसापेक्षा शहाणा. या तिन्हींत फरक करायला अक्कल लागत नाही, गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. आणि विचारणं मला कधी जमलं नाही. मी ओरडतो. विचारायची ती.

सदरला एक सुभेदारसाहेब होते. त्यांचा कॉम्प्युटर रोज सकाळी बरोबर सात-दहाला आपोआप बंद होऊन चालू व्हायचा. मी दोनदा खोलला, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, दुकानात चार दिवस चालवला. दुकानात काही नाही. घरी नेला की सात-दहा. सुभेदारसाहेब म्हणाले, "काय बड्डे," इकडे दोस्ताला बड्डे म्हणतात, "दुकान की हवा लगती है इसको?" तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, तो हिनं घेतला.

"भैया, उस टाइम घर में और क्या चलता है?"

"कुछ नहीं दीदी. बस पानी की मोटर."

मोटर आणि कॉम्प्युटर भिंतीच्या एकाच पॉइंटवर. सात-दहाला नळ यायचे, मोटर लागायची, वीज खाली जायची. मी दोनदा खोललं होतं, तिनं एकदा विचारलं. त्यानंतर महिनाभर मला जेवताना टोमणे. "वाढू का अजून, की मोटर लावायची आहे?"

आणखी एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांचा तापून बंद पडायचा. मी घरी जाऊन पाहिलं, झरोके मोकळे, पंखा ठीक, काही सापडेना. एकदा न कळवता गेलो. डब्यावर पोपट भरलेला रजईसारखा जाड अभ्रा, त्यावर गणपती, गणपतीसमोर दुर्वा. आत मशीन चालू.

मी म्हटलं, "बाई, हे चालू असताना काढत नाही?"

"धूळ बसते ना! तुम्ही यायचे असलात की काढून ठेवते. बाहेरच्या माणसासमोर बरं नाही दिसत."

असे आपले लोक. नवीन वस्तू उघडी ठेवायची नाही. फ्रिजवर पन्नी, रिमोटवर पन्नी, स्कूटरच्या सीटवर पन्नी, दोन वर्षांनी ती काळी पडून फाटते तरी काढत नाहीत. मी या बाबतीत गिऱ्हाइकांना फार बोललो आहे. मास्तरीणबाईंना तर रडायला आलं होतं.

आता ते काम.

त्या शनिवारी आम्ही जुळवत होतो तो कॉम्प्युटर खमरियातल्या एका सुनेचा होता. गौरी नाव. माहेर नाशिक, लग्नाला दीड वर्ष, नवरा फॅक्टरीत. तिचं काम घरून चालतं, दिल्लीकडच्या एका कंपनीचं. बिल्डर इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल याची चित्रं ही बनवते, खिडकीतून ऊन येतंय, सोफ्यावर उशी पडली आहे, सगळं खोटं आणि सगळं खरं वाटणारं. चित्र तयार झालं की कॉम्प्युटरला ते दळत बसावं लागतं, चार-चार तास, पूर्ण जोर लावून. ती त्याला रेंडर म्हणते. मी दळण म्हणतो.

सुलभा गेली तेव्हा यंत्र तयार होऊन समोरच्या खोलीत उभं होतं. गौरीनं मागितलं नाही. तेरा दिवस ती आपल्या लहान लॅपटॉपवर कशीबशी काम करत राहिली, कंपनीकडून मुदत मागत राहिली, आणि मला एक फोन केला नाही. हे मला नंतर तिच्या सासूनं सांगितलं. तेराव्यानंतर माझी मुलगी नागपूरला परत गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मीच फोन केला. विंडोज टाकलं, तासभर चालू ठेवलं, ठीक चाललं. ऑटोत घालून खमरियाला नेलं.

तिसऱ्या दिवशी फोन. "काका, बंद पडतोय."

"हँग म्हणते का?"

"नाही काका. बंद. एकदम. रेंडर लावला की बरोबर बारा मिनिटांनी."

पाहा, एवढं नीट सांगणारं गिऱ्हाईक मला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. दळण लावलं की बंद. बारा मिनिटांनी. थांबलं की चालू. वर मीच लिहिलं आहे याचा अर्थ काय ते.

मी मेमरी बदलली.

बारा मिनिटं. मग वीजपुरवठ्याचा डबा बदलला, चांगला मोठा लावला. तेरा मिनिटं. मग त्यांच्या घराची वायर तपासली, तिसऱ्या पिनेला अर्थिंग आहे की नाही बघितलं, होतं. विंडोज पुसून परत टाकलं. तिच्या सासूबाई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "काय भाऊ, आमची सून तर त्या डब्याला उदबत्ती ओवाळायची तेवढी राहिली. मी म्हटलं नवीन आहे, काचेवरची पन्नी तरी राहू दे, तर तीही काढून टाकली. तुम्हीच सांगा, नवीन वस्तूची पन्नी कोणी काढते का?"

गौरी म्हणाली, "आई, उष्णता कोंडते."

"तर! बाकी सगळ्यांच्या घरात कोंडत नाही, आपल्याच घरात कोंडून राहिली."

मी हसलो नाही. एरवी सासूबाईंना चांगलं ऐकवलं असतं.

मग मी एका बाजूचा पत्रा काढला आणि टेबलफॅन समोर लावला. दळण सुरू केलं. बारा मिनिटं झाली, चाललं. वीस झाली, चाललं. चाळिसाव्या मिनिटाला पडलं. गौरी माझ्याकडे पाहत होती. टेबलफॅननं फरक पडला म्हणजे बाकी सगळं ठीक आहे, फक्त प्रोसेसरची उष्णता निघत नाही. हे तिलाही कळलं आणि मला तर कळलंच होतं, पहिल्या फोनलाच.

जाणत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चपटा चौकोन, सगळं काम तोच करतो आणि तापतो. त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा बसवतात, ठोकळ्यावर पंखा. ठोकळ्याचा तळ तांब्याचा. बिस्किटावर टूथपेस्टसारखी पांढरी पेस्ट लावायची आणि ठोकळा त्यावर घट्ट बसवायचा, म्हणजे उष्णता वर चढते आणि पंखा ती उडवतो. मधे कागदाएवढी जरी फट राहिली तरी सगळं फुकट. नव्या ठोकळ्याच्या तळाला चरे पडू नयेत म्हणून पन्नी लावलेली येते. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, बसवण्याआधी काढा. मला ते वाचता येत नाही.

आता कोणीही विचारेल, मग पहिल्याच दिवशी ठोकळा काढून का नाही पाहिलं? पाच मिनिटांचं काम. चार स्क्रू. मला कोणी दुसऱ्यानं हे सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलून दिलं असतं.

मला पाहायचं नव्हतं. एवढंच. ते यंत्र आम्ही दोघांनी केलं होतं आणि त्यानंतर आम्ही दोघांनी काही केलं नाही. त्या ठोकळ्याखाली काही चुकलेलं असलं, तर ते त्या दुपारचं होतं. तिनं "निघाली" म्हटलं नव्हतं. मी ऐकलं नव्हतं असं नाही, तिनं म्हटलंच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तेरा दिवस लोक येत होते, बसत होते, किती सुखानं गेली म्हणत होते, आणि मी त्या एका शब्दावर बसून होतो.

म्हणून गौरीला मी खोटं बोललो. म्हणालो, "मे महिना आहे. जबलपूरचा उन्हाळा तुला माहीत नाही अजून. पाऊस पडला की ठीक होईल."

 त्या आठवड्यात तिचं आणखी एक काम वेळेवर गेलं नाही, लागोपाठ दुसरं.

शनिवारी मी परत गेलो. आता मी जाऊन काय करत होतो ते मलाच माहीत नाही, वायरी हलवत होतो. ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "काका, सोमवारी एक मोठं काम द्यायचं आहे. दोनदा चुकलंय माझं. तिसऱ्यांदा नाही दिलं तर ते काढून टाकतील, तसं लिहूनच पाठवलंय. रागावणार नसाल तर एक बोलू? मी व्हिडिओत पाहिलं. वरचा पंखा काढून, पेस्ट पुसून..."

मी ओरडलो. "पंचेचाळीस वर्षं झाली मला हे करून! व्हिडिओ पाहून तू मला शिकवून राहिली का? मग तूच कर. मला काहून बोलावलं?"

 सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सुनेला टोमणे मारणारी बाई, पण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊ, पोरीवर ओरडायचं काही काम नाही. तुमच्या घरी दुःख झालं म्हणून ती गप्प आहे महिनाभर. तेरा दिवस तिनं तुम्हाला एक फोन केला नाही, माहीत आहे का? तिची नोकरी जाऊन राहिली आहे, तुमचं मशीन नाही."

गौरी म्हणाली, "आई, राहू द्या ना."

मी वायरी काढल्या, डबा उचलला, तिच्या नवऱ्यानं ऑटो आणून दिला. दारात गौरीनं विचारलं, "काका, सोमवारी..."

"आणतो," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी पूजा केली, पोळ्यावाल्या बाईंनी आणून दिलेल्या दोन पोळ्या खाल्ल्या, पेपर वाचला, परत वाचला. दुपार झाली. सतरंजी टाकली. तिच्यावर डबा आडवा ठेवला. चार स्क्रू काढले. ठोकळा थोडा पिळून उचलावा लागतो, पेस्टनं धरलेला असतो. हा धरलेला नव्हता. अलगद निघाला.

पन्नी तिथेच होती. तापून पिवळी पडली होती, मधोमध प्रोसेसरच्या मापाचा चौकोन उठला होता. चष्मा लावून उजेडात धरली. एका कोपऱ्याला तिनं सुरुवात केली होती. बोटभर पन्नी उचललेली, तिथे नखाचा व्रण, आणि मग तशीच सोडलेली. उचललेला कोपरा मी ठोकळा बसवताना दुमडून दाबला गेला होता, म्हणून ठोकळा एका बाजूनं वर राहिला होता. म्हणून बारा मिनिटं.

तिनं सुरुवात केली होती आणि तिला ते ओढता आलं नाही. हाताला जोर राहिला नव्हता. बोटभर पन्नी. लहान पोरही ओढेल एवढी. तेव्हा तिनं ठोकळा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, घ्या. तिला वाटलं असेल, मी पाहीन. किंवा वाटलं नसेल काही, तिला पडायचं होतं. माझ्या हातात पुरावा होता की त्या वेळीच तिला सुरू झालेलं होतं, ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर ऑटो होते, आणि मी तिला मांडी बदल म्हणालो होतो.

गिऱ्हाईक काही सांगत असतं तेव्हा ऐका, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगतो. आता नाही सांगणार.

किती वेळ बसलो ते लिहून उपयोग नाही. मग मी पन्नी ओढली. जुनी पेस्ट पुसून तांदळाच्या तीन दाण्यांएवढी नवी लावली, ठोकळा बसवला, स्क्रू आवळले, कोपऱ्यातला आधी, मग समोरासमोरचा, जसे आवळतात तसे. चालू केला आणि आवाज ऐकला. पंखा पहिल्यासारखा केकाटत नव्हता, सावकाश फिरत होता.

सोमवारी सकाळी साडेसातच्या बसनं जायचं ठरवलं होतं, पण डबा मांडीवर घेऊन बसमध्ये धक्के बसतात, म्हणून ऑटो केला. आठला खमरियात. गौरीनं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी म्हणालो, "लाव दळण."

"काय होतं काका?"

"ठोकळ्याखालची पन्नी राहून गेली होती. माझी चूक."

तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. व्हिडिओतलं बरोबर होतं, हे आलं. आणि मग ते तिनं गिळून टाकलं. चांगल्या घरची आहे. सासूबाईंनी मात्र गिळलं नाही. "म्हणजे शेवटी पन्नीच! आमची काढून टाकली, आणि तुमचीच आत राहून गेली!"

"तुम्ही फ्रिजवरची काढा आधी," मी म्हणालो. महिन्याभरात पहिल्यांदा कोणाशी गमतीनं भांडलो, बरं वाटलं.

दळण सुरू झालं. बारा मिनिटं झाली. आम्ही तिघं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो, शनीच्या देवळात बसल्यासारखे. पंधरा. वीस. मी पत्र्यावर हात ठेवला, कोमट. टेबलफॅन नाही, काही नाही. चाळीस मिनिटं झाली तशी गौरी उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. स्क्रीनवर एक घर चौकोन चौकोन करून भरत होतं. अर्धा दिवाणखाना, अर्धं काळं.

साडेनऊला तिचा फोन वाजला. कंपनीतला साहेब. काम सकाळी नऊला द्यायचं होतं, मी समजत होतो दिवसभराचा वेळ आहे. ती उभी राहून ऐकत होती, "यस सर, यस सर," आणि तिचा आवाज बारीक होत चालला. "सर, मशीन में प्रॉब्लेम था... नहीं सर, मैं बहाना नहीं..."

मी हात पुढे केला. "दे इकडे."

"काका, नको."

"दे म्हणतो ना."

तिनं दिला. मी म्हणालो, "हेलो. हम जबलपुर से बोल रहे हैं. मैकेनिक. ये मशीन हमने बनाया है."

तिकडून आवाज, तरुण, चिडलेला. "देखिए, मुझे मैकेनिक से बात नहीं करनी."

"करनी पड़ेगी. लड़की झूठ नहीं बोलती. पहले दिन से सही बता रही थी, बारह मिनट में बंद होता है, हमने सुना नहीं. हमने मेमरी बदली, सप्लाई बदली, सब बदला, जो देखना था वो नहीं देखा. मौसम को दोष दिया. दो बार जो काम नहीं पहुँचा वो इसलिए. इसको निकालोगे तो हमारे कारण निकालोगे."

"तो गलती किसकी थी?"

"हमारी."

तो मग म्हणाला, "अंकल, क्लायंट दो बजे बैठेगा. दो बजे के पहले मिल गया तो ठीक. नहीं तो मैं कुछ नहीं कर सकता."

मी फोन परत दिला. गौरी खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली. मधे सासूबाईंनी पोहे दिले. मी पत्र्यावरचा हात काढला नाही, उजव्या हातानं खाल्ले. त्याची गरज नव्हती, हात ठेवून यंत्र थंड होत नाही. साडेअकराला एकदा लाईट गेल्यासारखी लुकलुकली आणि आमच्या तिघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला, पण ती टिकली. पावणेबाराला शेवटचा चौकोन भरला. खोटं घर, खोटं ऊन, सोफ्यावर उशी. गौरीनं ते मोठं करून कोपरान् कोपरा तपासलं आणि पाठवलं.

उत्तर यायला अर्धा तास लागला. ते वाचून तिनं नुसता फोन माझ्यापुढे धरला. इंग्रजीत होतं. मी म्हणालो, "वाच."

"मिळालं म्हणतात. आणि पुढच्या आठवड्याचं काम पाठवलंय."

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी उठलो, हत्यारं पिशवीत भरली. गौरी दारापर्यंत आली. चप्पल घालताना ती म्हणाली, "काका, एक विचारू? चूक तर तुमच्या एकट्याची होती. मग फोनवर त्यांना 'हमारी' का म्हणालात?"

"नाशिककडची तू," मी म्हणालो. "इकडच्या हिंदीत एकटा माणूसही हमारीच म्हणतो."